गर्दी बघू नका, गर्दी मोजा: ग्योझाच्या हॉटेलात शिकलेला हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, मोमोचा धंदा चालतो का?" व्हिडिओत दहा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलं. पण खरा किस्सा मोठा आहे आणि त्यात आकडे आहेत, म्हणून तो इथं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात एका रविवारी झाली. धाराशिवला माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत बॅच संपली होती. सगळे गेले, पण कळंबचा एक पोरगा आणि त्याचे वडील थांबले. पोरगा पंचवीसचा. दोन वर्षं पुण्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करून परत आलेला. त्याच्या हातात फाईल होती: कळंबमध्ये 'जपानी कॅफे' टाकायचा, खर्च आठ लाख, मेनूत ५२ पदार्थ. पैसे कुठून? अण्णांच्या दोन एकरांवर कर्ज काढून.

"सर, पुण्यात लाईन लागते ओ. बाहेर पाटीवर नाव लिहून लोक उभे राहतात," पोरगा म्हणाला.

अण्णा तोवर गप्प होते. उठताना एवढंच म्हणाले, "सर, मला त्यातलं काय कळत नाही. पोराला व्हय म्हणू का नाही म्हणू, तेवढं सांगा."

मी दोन आठवडे मागून घेतले. कारण 'नाही' म्हणायलाही हिशोब लागतो. आणि असा सल्ला देताना मला माझं २०१९ आठवतं. दुकानाला लागून मी स्नॅक्स कॉर्नर काढला होता, चाळीस पदार्थांचा. सात महिन्यांत बंद केला. दोन लाख साठ हजार गेले आणि आईची साखळी गहाण पडली ती वेगळीच. बीबीएला ब्रेक-इव्हन शिकलो होतो, पेपरात मार्कही पडले होते. स्वतःच्या दुकानात मात्र एकदाही काढला नव्हता.

आधी ग्योझा म्हणजे काय

मैद्याची पातळ पारी, आत कोबी आणि मटणाचं किंवा भाजीचं सारण, एका बाजूने चुण्या घालून मिटलेलं. मूळ चीनचं. तिथं त्याला जियाओझ म्हणतात आणि जास्त करून पाण्यात उकडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मांचुरियातून परतलेल्या लोकांनी ते जपानमध्ये पसरवलं. तिथं ते तव्यावर भाजायची पद्धत पडली. मोमो हा त्याचाच तिबेट-नेपाळकडचा भाऊ. आणि आपण तरी कुठं लांब आहोत? नागपंचमीला घरी पुरणाची दिंडं वाफवतो, गणपतीला मोदकाच्या कळ्या पाडतो. पारी, सारण, वाफ ही रीत आपल्या आया-मावश्यांच्या हातात आधीपासून आहे.

जपानमध्ये ग्योझा आणि थंड बिअर ही कामावरून सुटलेल्या माणसाची जोडी. ऑफिस सुटलं, एक प्लेट, एक ग्लास, अर्ध्या-पाऊण तासात घरी. हे नीट लक्षात ठेवा, कारण अख्खा धंदा या 'कामावरून सुटलेल्या माणसा'वर उभा आहे.

बुधवार, संध्याकाळी साडेसात

मला मालाच्या खरेदीला पुण्याला जायचंच होतं. मावसभाऊ तिथं आयटीत आहे. त्याला म्हणालो, आज तुझ्या त्या ग्योझाच्या हॉटेलात जाऊ. मुद्दाम बुधवार धरला. शनिवारी कुठलंही हॉटेल भरतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी भरलं तर त्या गर्दीला अर्थ आहे.

भरलेलं होतं. पाटीवर आमच्या आधी सहा नावं. पंचवीस मिनिटं उभे राहिलो आणि तेवढ्यात मी खुर्च्या मोजल्या. काउंटरला आठ, चार टेबलांना सोळा, एकूण चोवीस. लोक कोण होते? बहुतेकांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच लटकत होतं. लॅपटॉपच्या बॅगा पायाशी. म्हणजे दर महिन्याला पगार जमा होणारी माणसं, सात वाजता सुटणारी, घरी स्वयंपाकाचा कंटाळा आलेली.

आम्हाला काउंटरला जागा मिळाली, थेट तव्यासमोर. माझ्यासाठी तर लॉटरीच. भावाने बिअर मागवली, मला गाडी चालवायची होती म्हणून लिंबू सोडा. आणि मी बघत बसलो.

पोरगा सपाट लोखंडी तव्यावर तेल टाकतो. तीस ग्योझा ओळीनं मांडतो. थोडं पीठ कालवलेलं पाणी ओततो आणि झाकण घालतो. आत वाफेवर वरची बाजू शिजते. पाणी आटलं की खालची बाजू कुरकुरीत होते आणि पिठाची जाळी धरते. मग ताटली उपडी ठेवून सगळं एका झटक्यात उलटं. एका घाण्याला आठ-नऊ मिनिटं. प्लेटला सहा, म्हणजे एका तव्यातून पाच प्लेटा. तवे दोन.

आता यात काय नव्हतं ते बघा. गर्दीच्या वेळी तिथं कुणीही पारी लाटत नव्हतं, कुणी कोबी चिरत नव्हतं, कुणी चुण्या घालत नव्हतं. भरलेले ग्योझा ट्रेमध्ये तयार होते. मी तव्यावरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, दुपारी बारा ते पाच सगळे बसून तेच करतात. गिऱ्हाईक नसतानाच्या वेळेत कष्ट आणि गिऱ्हाईक असतानाच्या वेळेत फक्त तवा, हे त्या हॉटेलचं खरं भांडवल. मेनू एका पानाचा होता: चार प्रकारचे ग्योझा, दोन नूडल्स, भात, सॅलड. संपलं.

माझ्या चाळीस पदार्थांच्या कॉर्नरमध्ये संध्याकाळी सहा वाजता मी एकाच वेळी सँडविच कापत होतो, मंचुरियन तळत होतो आणि सुट्टे पैसे शोधत होतो. तव्याकडे बघताना ते आठवलं आणि सोडा कडू लागला.

पेयाचा हिशोब दोन तोंडाचा असतो

बिअर, सोडा, चहा, कुठलंही पेय घ्या. सगळे ट्रेनर सांगतात पेयात मार्जिन आहे, पेय विका. मीही सांगायचो. त्या दिवशी अर्धी गोष्ट नव्यानं कळली.

आमचं बिल बघा. ग्योझाच्या तीन प्लेटा, प्रत्येकी ३२० रुपये, झाले ९६०. एक नूडल्स ४२०. एक बिअर ३५०. लिंबू सोडा १४०. एकूण १,८७०. बसलो पन्नास मिनिटं. मग भाऊ म्हणाला, "दादा, अजून एक घेऊ का?" दुसऱ्या बिअरसाठी पंचवीस मिनिटं तरी गेली असती. मालकाला त्यातून ३५० रुपये मिळाले असते. पण बाहेर लोक उभे आहेत. त्याच दोन खुर्च्यांवर आमच्यासारखे नवे दोघं बसवले तर पंचवीस मिनिटांच्या वाट्याला नऊशेच्या वर विक्री येते. म्हणून वेटरनं हसून विचारलं, "अजून काही?" आणि विचारता विचारता बिल ठेवलं.

म्हणजे नियम असा: खुर्ची रिकामी असेल तेव्हा पेय कमवून देतं. बाहेर लाईन असेल तेव्हा दुसरं पेय खुर्ची खातं. पहिलं पेय मात्र दोन्ही वेळेला कामाचं, कारण तवा तयार होईपर्यंतची आठ मिनिटं ते गिऱ्हाईकाला धरून ठेवतं.

जपानमध्ये उत्सुनोमिया नावाच्या शहरात 'मासाशी' म्हणून प्रसिद्ध ग्योझाचं दुकान आहे. तिथं भाजलेले आणि उकडलेले ग्योझा एवढंच मिळतं. भात नाही, बिअरही नाही. खा आणि उठा. लाईन पुढं सरकते. दुसरीकडे बिअरवरच चालणारी असंख्य दुकानं आहेत. दोघंही बरोबर आहेत. आपल्याकडे खुर्च्या जास्त आहेत की गिऱ्हाईक जास्त, एवढं आधी कळायला हवं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हा प्रश्न मला दर बॅचमध्ये कोणीतरी हळूच विचारतं. आपल्याकडे परवाना नसताना दारू विकणं किंवा गाड्यावर-हॉटेलात बसून पिऊ देणं हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली गुन्हा आहे. "गिऱ्हाईक स्वतः आणतंय, आपण फक्त ग्लास देतोय" हे चालत नाही. लिंबू सोडा करा, मसाला ताक करा. आठ-नऊ रुपयांत पडतं, पंचवीसला जातं, एका मिनिटात हातात देता येतं.

एका शहराने आकडा वाचला

उत्सुनोमियाचं नाव आलंच आहे तर थोडं थांबू. टोकियोच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवरचं, पाच लाख वस्तीचं शहर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पालिकेतल्या लोकांच्या लक्षात आलं, की सरकारच्या घरखर्चाच्या पाहणीत ग्योझावर सर्वात जास्त खर्च करणाऱ्या शहरांत आपलं नाव वर आहे. दुकानदार एकत्र आले, संघटना केली, स्टेशनाजवळ ग्योझाचा दगडी पुतळासुद्धा उभा राहिला. आज लोक तिथं खास ग्योझा खायला जातात.

पुढं हामामात्सु शहरानं त्यांना मागं टाकलं, तिथं ग्योझा गोल मांडून मधोमध मोड आलेली कडधान्यं ठेवतात. मग २०२१ मध्ये मियाझाकीनं दोघांना मागं टाकलं. पण यातली खरी मेख वेगळी आहे. त्या पाहणीत लोकांनी विकत घेऊन घरी नेलेले ग्योझा मोजतात. हॉटेलात बसून खाल्लेले आणि फ्रोझन पाकिटातले त्यात धरत नाहीत. म्हणजे हॉटेलं खचाखच भरलेली असली तरी पाहणीत नंबर घसरू शकतो.

हे मी तुम्हाला का सांगतोय? आकडा हातात आला की पहिला प्रश्न विचारा, हा आकडा नेमकं काय मोजतो? कळंबच्या पोरानं सांगितलेली 'लाईन' हाही एक आकडाच होता. ती लाईन पुण्याच्या पगारदारांची होती. कळंबची नव्हे.

कळंबच्या तीन संध्याकाळी

पुण्याहून आल्यावर मी पोराला फोन केला. "कळंबमध्ये मोमोचा गाडा आहे ना? आपण तिथं खायला जाऊ. तीन वेळा."

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. साडेपाच ते साडेनऊ. गाड्यासमोरच्या बाकड्यावर बसायचं, एक प्लेट दोघांत घ्यायची आणि वहीत रेघा मारायच्या. मंगळवारी २६ प्लेटा. गुरुवारी ३१. शनिवारी ७१. तीन दिवसांची सरासरी ४३.

कोण येत होतं तेही लिहिलं. साडेपाच ते साडेसात शिकवणीवरून सुटलेली पोरं, खिशात साठ रुपये, तेही दोघांत मिळून. आठनंतर गर्दी ओसरायची. आणि 'कामावरून सुटलेला माणूस' कुठं होता? आपल्याकडे दुकानदार नऊला शटर ओढतो आणि सरळ घरी भाकरीला जातो. घरी ताट वाढलेलं असतं. तो गाड्यावर थांबला तर बायकोचे चार शब्द ऐकावे लागतात. म्हणजे पुण्यात जी वेळ सोन्याची, ती कळंबमध्ये बंद व्हायची वेळ.

मग पोराच्या फाईलवर आलो. प्लेटचा खर्च आधी काढला. आठ मोमो, व्हेज:

मैदा ८० ग्रॅम, सव्वातीन रुपये. कोबी-गाजर-कांदा, साडेतीन. तेल-मसाला, तीन. चटणी आणि मेयोनीज, पाच. डिश-टिश्यू, दोन. गॅस, दोन ते अडीच. एकूण १९ च्या आसपास, आपण वीस धरू. विक्री साठ. हातात चाळीस.

आता कॅफेचा महिन्याचा बांधील खर्च. गाळ्याचं भाडं १४,०००. दोन माणसं २४,०००. लाईट ५,०००. आठ लाखांचं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण १७,८००. बेरीज ६०,८००. पोराचा स्वतःचा पगार वीस हजार धरला तर ८०,८००. भागिले चाळीस: महिन्याला २,०२० प्लेटा. महिन्यात सव्वीस दिवस धरले तर रोज ७८.

पोरानं कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. गावातला चालणारा गाडा, ज्याला गाळ्याचं भाडं नाही, तो सरासरी ४३ विकतो. याला पहिल्या दिवसापासून ७८ पाहिजेत. तेही तो गाडा तिथं असताना.

तो चिडला. "सर, तुम्ही स्वप्न बघायला शिकवता आणि मग असं करता." मी गप्प बसलो. त्या रात्री तो बाकड्यावरून न बोलता उठून गेला. आठ दिवस फोन नाही. मला खरंच वाटलं, गेलं पोरगं दुसऱ्या कुणाकडे, जो 'व्हय' म्हणेल.

नवव्या दिवशी

नवव्या दिवशी त्याचाच फोन आला. विचारलं, "सर, कमीत कमी किती पैशात मला माझा अंदाज खरा आहे का खोटा ते कळेल?"

मित्रांनो, धंदा सुरू करायच्या आधी याहून चांगला प्रश्न नाही.

८५ हजारांत गाडा उभा राहिला. जुना गाडा, जुना डीप फ्रीझर, स्टीमर, आणि एक सपाट तवा. निम्मे पैसे त्याच्या पुण्याच्या बचतीतले, बाकीचे अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून दिले. जमिनीचा कागद कपाटातच राहिला. मेनू तीन ओळींचा: वाफवलेले, तव्यावर भाजलेले, लिंबू सोडा. तव्यावरचे म्हणजे खरं तर ग्योझाच, पण पाटीवर लिहिलंय 'तवा मोमो'. 'ग्योझा' लिहिलं तर निम्मी पोरं विचारत बसतील आणि निम्मी लाजून पुढं जातील.

सगळ्यात अवघड काय गेलं असेल? चुण्या. सुरुवातीला त्याचे मिनिटाला दीडच मोमो व्हायचे. चाळीस प्लेटा म्हणजे ३२० मोमो, साडेतीन तास नुसतं मिटत बसायचं. मग आई बसली. तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी मोदकाच्या हातानं मिनिटाला चार काढायला लागली. तेच काम ऐंशी मिनिटांवर आलं. आता दुपारी माय-लेक दोघं बसतात. मी त्याला एकच सांगितलं, आईचे तास वहीत लिही आणि महिन्याला पैसे दे. घरचा हात फुकट धरला की धंद्याचा हिशोब खोटा होतो.

आज सहा महिने झाले. रोजची सरासरी ३८ प्लेटा. जागा, मदतनीस, लाईट मिळून खर्च ९,२००. ३८ गुणिले ४० गुणिले २६ म्हणजे ३९,५२०. खर्च वजा जाता तीस हजार आणि थोडे, त्यातले सहा हजार आईचे. सोड्याचे वेगळे. सगळं गोड नाही. पावसाळ्यात दोन आठवडे विक्री निम्म्यावर आली. एकदा रात्रभर लाईट गेली आणि तीनशे मोमो फेकावे लागले. फेकले, विकले नाहीत, म्हणून आज गिऱ्हाईक टिकून आहे.

तुम्ही सुरू करणार असाल तर

एफएसएसएआयची नोंदणी आधी करा आणि गाड्यावर दिसेल अशी लावा. व्यावसायिक गॅस सिलिंडरच वापरा, घरचा लाल सिलिंडर गाड्यावर आणू नका. नगरपरिषदेकडे फेरीवाला म्हणून नोंद असेल तर पंतप्रधान स्वनिधी योजना बघा: पहिला टप्पा १५ हजारांपर्यंत, वेळेत फेडला की २५ हजार, मग ५० हजार. छोटं कर्ज घेऊन वेळेत फेडायची सवय लागते, ती पुढं बँकेत उपयोगी पडते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या गावात, तुम्हाला जो धंदा करायचाय त्याच धंद्याच्या दुकानासमोर तीन संध्याकाळी बसा. एक शनिवार, दोन आठवड्यातले दिवस. एक प्लेट घ्या, एक सोडा घ्या आणि रेघा मारा. किती आले, किती वाजता आले, कुठून सुटून आले. मग तुमचा बांधील खर्च एका प्लेटच्या नफ्यानं भागा. दोन्ही आकडे एकाच पानावर शेजारी लिहा. उत्तर त्या पानावरच असेल, मला विचारायची गरज पडणार नाही.

मागच्या आठवड्यात मी कळंबला गेलो होतो. गाड्यावर अण्णा स्वतः सोडा करून देत होते. पोरगा म्हणाला, "सर, कॅफे काढणारच. पण ७८ प्लेटा दिसल्यावर." मी अण्णांकडे बघितलं. ते लिंबू पिळता पिळता हसले आणि म्हणाले, "तोवर दोन एकरात सोयाबीन हायच की."

भेटू पुढच्या व्हिडिओत.